पाच बेटं नको, तीन पुरेत: ग्रीसच्या सफरीची आखणी बंदरापासून करा

प्रश्न थोडक्यात असा: कराडचे एक निवृत्त शिक्षक आणि त्यांची पत्नी, वय ६३ आणि ५९. सप्टेंबरअखेरीला दोन आठवडे ग्रीसला जायचं आहे. मुलाने यादी करून दिली आहे: अथेन्स, मिकोनोस, सँटोरिनी, ऱ्होड्स, क्रीट, कोर्फू आणि परतताना तुर्कस्तानातलं एफेसस. सरांना जुन्या अवशेषांची आवड, वहिनींच्या गुडघ्यांना त्रास, दोघंही शाकाहारी. एवढं सगळं जमेल का, आणि स्वतः जावं की मोठ्या गटाबरोबर?

सर, यादी मी नकाशा समोर ठेवून वाचली. आधी सरळ उत्तर देते: दोन आठवड्यांत एवढं होणार नाही. विमानांनी उड्या मारत कसंबसं केलंच, तर तुमच्या लक्षात राहतील ते विमानतळ आणि बॅगा भरणं. अथेन्स आणि तीन बेटं, एवढंच धरा: नॅक्सोस, सँटोरिनी, क्रीट. मिकोनोस आणि कोर्फू सोडा. ऱ्होड्स आणि एफेसस हे एकमेकांच्या जवळचे आहेत, ते पुढच्या सफरीला एकत्र करा. आणि तुमच्यासारख्या वाचून जाणाऱ्या माणसांनी मोठ्या गटाबरोबर जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. मी स्वतः साताऱ्यातून छोटे गट घेऊन जाते, तरीही हे सांगते. ग्रीसमध्ये इंग्रजीवर काम भागतं, जहाजांची तिकिटं घरबसल्या मिळतात, आणि चाळीस माणसांच्या बसमधून अवशेष बघताना बघण्यापेक्षा मोजणीच जास्त होते.

आता कारणं. आपल्याकडे सफर ठिकाणांच्या यादीवरून ठरते. ग्रीसच्या बेटांची सफर जहाजांच्या वेळापत्रकावरून ठरवावी लागते. नकाशावर शेजारी दिसणाऱ्या दोन बेटांमध्ये रोज जहाज असेलच असं नाही. बेटांचे समूह आहेत. समूहाच्या आत जहाजं भरपूर, एका समूहातून दुसऱ्यात जायला फार कमी. नॅक्सोस, पारोस, मिकोनोस, डेलोस, सँटोरिनी हा सायक्लाडीस समूह. ऱ्होड्स, कोस, सिमी हा डोडेकानीस समूह, तो तुर्कस्तानच्या किनाऱ्याला लागून आहे. अथेन्सच्या बंदरातून ऱ्होड्सला मोठ्या जहाजाने पंधरा तासांच्या आसपास लागतात. कोर्फू तर पलीकडच्या आयोनियन समुद्रात, इटलीच्या बाजूला. अथेन्सच्या बंदरातून तिकडे जहाजच नाही. देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर इगुमेनित्साला जाऊन बोट धरावी लागते. तुमच्या यादीत तीन वेगवेगळे समुद्रमार्ग एका ओळीत आले आहेत.

दुसरं कारण अवशेषांचं आहे, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या भागातला जवळजवळ प्रत्येक मोठा अवशेष कुठल्या ना कुठल्या बंदरामुळे उभा राहिला. बंदर कुठे होतं, वारा कुठून येतो, माल कुठून येऊन कुठे जायचा, हे आधी पाहिलं की पडके खांब आपोआप बोलायला लागतात. ते न पाहता गेलं तर तिसऱ्या दिवशी सगळे खांब सारखेच दिसतात. पुष्कळ माणसं ग्रीसहून थकून येतात, त्याचं कारण मला तरी हेच दिसतं.

तुम्ही कराडचे, म्हणून हे तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. मध्य प्रदेशातल्या भारहुतच्या स्तूपावर करहाकट म्हणजे कराडच्या लोकांनी दिलेल्या दानाची नोंद आहे. दोन हजार वर्षांपूर्वी कृष्णा-कोयनेच्या संगमावरच्या गावाकडे दान देण्याइतका पैसा कुठून आला? समुद्रापासून कराड लांब, पण वाट सोपी: दाभोळच्या खाडीतून वाशिष्ठीने चिपळूणपर्यंत, कुंभार्ली घाट चढून वर आलं की कोयनेच्या खोऱ्यातून थेट कराड. आगाशिवच्या डोंगरातली लेणी त्या व्यापारी वाटेच्या तोंडावर खोदलेली आहेत. ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यामधल्या एजियन समुद्रातली बेटं अशीच वाचायची.

निघण्याआधी एक दिवस कोल्हापूरला टाऊन हॉल संग्रहालयात जाऊन या. तिथे पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, छोटी कांस्यमूर्ती आहे. ती पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर मिळाली, रोमन काळातल्या इतर वस्तूंबरोबर. भूमध्य समुद्रातून निघालेला हा देव घाट चढून आपल्या भागात आला होता. तो पाहिल्यावर पुढचे दोन आठवडे तुम्हाला परक्या देशात हिंडल्यासारखं वाटणार नाही.

आखणी अशी करा. अथेन्सला तीन रात्री, नॅक्सोसला चार, सँटोरिनीला दोन, क्रीटमध्ये हेराक्लिओनला दोन, एक रात्र हेराक्लिओनहून परतणाऱ्या जहाजावर, आणि शेवटची रात्र अथेन्सला. हा क्रम उत्तरेकडून दक्षिणेकडे आहे आणि तो मुद्दाम ठेवला आहे. तिथे उन्हाळ्यात वारा उत्तरेचा असतो. दक्षिणेकडे जाताना तो जहाजाच्या पाठीशी राहतो.

अथेन्समध्ये अक्रोपोलिसचं, म्हणजे प्राचीन देवळांच्या टेकडीचं, तिकीट ठरावीक वेळेसह आधीच काढावं लागतं. सकाळी आठची पहिली वेळ घ्या. २०२५ च्या एप्रिलपासून तिकीट ३० युरो झालं आहे आणि पूर्वीचं अनेक स्थळांचं एकत्र तिकीट बंद झालं आहे. वरचा संगमरवर शतकानुशतकांच्या पायांनी गुळगुळीत झालेला आहे, कोरड्या दिवशीसुद्धा घसरतो. वहिनींना रबरी तळव्याचे बूट हवेतच, सपाट चपला नकोत. चालण्यात खरोखर अडचण असलेल्यांसाठी तिथे लिफ्टही आहे. तिथल्या पार्थेनॉनचं, म्हणजे अथेना देवीच्या मंदिराचं, बांधकाम इ.स.पू. ४४७ मध्ये सुरू झालं आणि ते दोन हजार वर्षं बऱ्यापैकी शाबूत होतं. १६८७ मध्ये तुर्कांनी आत दारूगोळा साठवला होता आणि व्हेनिसच्या तोफेचा गोळा त्यावर पडला, तेव्हा मधला भाग उडाला. खाली अक्रोपोलिस संग्रहालय आहे, २००९ चं. त्यात दुपार घालवा. थंडगार असतं आणि बसायला जागा असते.

पण अथेन्समधला एक अर्धा दिवस पिरेयस बंदरासाठी राखून ठेवा. लोक तिथे फक्त जहाज धरायला धावत जातात. पूर्वी अथेन्सची जहाजं फालेरॉनच्या उघड्या वाळूवर ओढून ठेवत. थेमिस्टोक्लीस या अथेन्सच्या पुढाऱ्याच्या लक्षात आलं की पलीकडे पिरेयसला तीन नैसर्गिक आडोसे आहेत, आणि इ.स.पू. ४९३ च्या सुमारास त्याने तिथे तटबंदी सुरू केली. पुढे शहर आणि बंदर यांना जोडणाऱ्या लांब भिंती उठल्या, सुमारे सहा किलोमीटरच्या. शत्रूने शहराभोवतीची शेतं जाळली तरी धान्य समुद्रातून येत राहावं, हा हेतू. अथेन्सचं सगळं वैभव या एका निर्णयावर उभं आहे, आणि नॅक्सोसला जाताना तुम्ही जहाजात बसाल ते त्याच तीनपैकी सगळ्यांत मोठ्या आडोशातून, कांथारोसमधून. झेयाच्या छोट्या बंदराकाठी प्राचीन युद्धनौकांच्या गोद्यांचे अवशेष आहेत. ते बघा, काठावर बसून कॉफी घ्या, आणि त्याच फेरीत तुमच्या जहाजाचा दरवाजा कुठे आहे तेही पाहून ठेवा. पिरेयस प्रचंड आहे. दरवाजांना ई-१, ई-२ असे क्रमांक आहेत आणि चुकीच्या दरवाजापाशी टॅक्सीने सोडलं तर बॅगा ओढत अर्धा तास जातो. विमानतळापासून पिरेयसपर्यंत २०२२ पासून थेट मेट्रो आहे.

नॅक्सोसला चार रात्री का, असं मुलगा विचारेल. कारण हे बेट नुसत्या पर्यटनावर जगत नाही. तिथे बटाटा पिकतो, दुधाचा मोठा व्यवसाय आहे, झास हा १००४ मीटरचा डोंगर सायक्लाडीसमधला सर्वांत उंच आहे, आणि गावं खरी गावं आहेत. बंदर गावालाच लागून आहे, त्यामुळे जहाजातून उतरलं की हॉटेलपर्यंत चालत जाता येतं. गुडघ्यांच्या दृष्टीने ही मोठी सोय. बंदराच्या तोंडाशी छोट्याशा टेकाडावर एक संगमरवरी चौकट एकटी उभी आहे, सुमारे सहा मीटर उंच. लोक तिला पोर्तारा म्हणतात. लिग्डामिस नावाच्या हुकूमशहाने इ.स.पू. ५३० च्या सुमारास मंदिर बांधायला घेतलं, सत्ता गेली, मंदिर राहिलं ते राहिलंच. समुद्रातून येणाऱ्या प्रत्येक जहाजाला आधी ते दिसावं अशी ती जागा आहे. सँटोरिनीच्या इया गावातला सूर्यास्त जगप्रसिद्ध आहे, पण तिथे तासभर आधी गर्दीत उभं राहावं लागतं. माझं विचाराल तर सूर्यास्त पोर्ताऱ्यापाशीच बघा.

बेटाच्या आतल्या भागात सांग्री गावाजवळ डिमीटरचं मंदिर आहे, शेतांच्या मधोमध. धान्याच्या देवीचं मंदिर म्हणून ते बंदरावर नसून शेतजमिनीत आहे. उत्तरेला अपोलोनास गावी खाणीतच आडवा पडलेला सुमारे साडेदहा मीटरचा अर्धवट पुतळा आहे. तडे गेले म्हणून तो तिथेच सोडून दिला असं मानतात. दोन्ही ठिकाणी बस कमी जाते, एक दिवस टॅक्सी ठरवा. गाडी भाड्याने घेणार असाल तर इथून निघण्याआधी आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढा. चार चाकी उघड्या स्कूटर मिळतात, त्या तरुण मंडळी घेतात आणि वळणांवर पडतात. तुम्ही घेऊ नका.

नॅक्सोसचं खरं कारण मात्र डेलोस आहे. हंगामात नॅक्सोसहून दिवसभराच्या बोटी डेलोस आणि मिकोनोसला जाऊन येतात, म्हणजे मिकोनोसही दोन तास बघून होतं आणि तिथल्या महागड्या हॉटेलात राहावं लागत नाही. डेलोसवर पर्यटकाला रात्री राहायची परवानगी नाही. हे बेट जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटरचं, उघडं, कोरडं. तरी एका काळी एजियन समुद्रातला सगळ्यांत श्रीमंत बाजार इथे भरत होता.

हे कसं झालं ते नीट समजून घ्या, कारण पूर्ण सफरीत एवढं स्पष्ट उदाहरण दुसरं नाही. बेट अपोलो या ग्रीक देवाचं जन्मस्थान मानलं जाई, म्हणून पवित्र. इ.स.पू. ४२६ मध्ये अथेन्सने तिथली थडगी उकरून शेजारच्या रेनेया बेटावर हलवली आणि डेलोसवर कुणी जन्मू नये, कुणी मरू नये असा नियम केला. बाळंतिणीला आणि मरणाऱ्याला रेनेयाला नेत. यात्रा म्हटली की बाजार आलाच, हे आपल्याला पंढरपूर आणि पालीच्या यात्रांवरून माहीत आहे. शिवाय रेनेया बेट पश्चिमेला आडवं असल्याने मधल्या खाडीत जहाजांना आडोसा. मग इ.स.पू. १६६ च्या सुमारास रोमने डेलोस अथेन्सच्या हाती देऊन जकातमुक्त केलं. हेतू ऱ्होड्सला धडा शिकवण्याचा होता, कारण ऱ्होड्स बंदराच्या जकातीवर श्रीमंत झालं होतं. काही वर्षांत सगळा माल डेलोसकडे वळला. इटलीचे, सीरियाचे, इजिप्तचे व्यापारी इथे घरं बांधून राहिले. बैरुतच्या व्यापाऱ्यांच्या संघाची इमारत अजून ओळखू येते, आणि त्यांनी संघाला नाव दिलं होतं पोसायडनचं. या बाजारात सर्वांत मोठा माल होता माणसांचा. प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्राबो लिहितो की डेलोसला एका दिवसात दहा हजार गुलाम उतरवून विकून पाठवता येत. फरशीवरचे डॉल्फिनचे सुंदर नक्षीकाम बघताना हे मनात ठेवा. ती घरं त्या पैशाची आहेत.

शेवटही तितकाच वेगाने झाला. इ.स.पू. ८८ मध्ये काळ्या समुद्राकाठच्या पाँटस राज्याच्या राजा मिथ्रिडेटिसच्या सैन्याने बेट लुटलं, ६९ मध्ये समुद्री चाच्यांनी पुन्हा. व्यापाराची वाट बदलली आणि पाण्याची, शेतीची सोय नसलेलं हे गाव रिकामं झालं. वर नवं शहर बसलं नाही, म्हणूनच आज गल्ल्या, दुकानं, विहिरी, नाट्यगृह सगळं एका पट्ट्यात दिसतं. बघताना धक्क्यापासून सुरुवात करा: आधी बंदरालगतचा चौक, मग देवळं आणि नॅक्सोसच्या संगमरवरातले सिंह, मग नाट्यगृहाकडे चढत जाणारी घरं. किंथोस टेकडीवर चढायचा मोह वहिनींनी टाळावा. सावली अजिबात नाही; टोपी आणि प्रत्येकी दीड लिटर पाणी बरोबर हवं.

सँटोरिनीबद्दल थोडक्यात. दोन रात्री पुरतात. बेट म्हणजे ज्वालामुखीच्या बुडालेल्या मुखाची कड आहे आणि पांढरी गावं त्या कड्यावर आहेत, म्हणून पायऱ्याच पायऱ्या. हॉटेल निवडताना "खोलीपर्यंत किती पायऱ्या" हा प्रश्न ईमेलवर विचारून लेखी उत्तर घ्या. फिरा गावाच्या जुन्या धक्क्यापासून वर सुमारे ५८८ पायऱ्या आहेत, पण तुमचं जहाज तिथे लागत नाही. ते अथिनिओसला लागतं आणि तिथून बसने वर जाता येतं. गाढवांवर बसू नका, त्या जनावरांचे हाल होतात.

सँटोरिनीला जायचं ते अक्रोतिरीसाठी. साडेतीन हजार वर्षांहून जुनं बंदराचं गाव, ज्वालामुखीच्या राखेखाली दोन-तीन मजली घरांसकट टिकलेलं. स्पिरिडॉन मारिनातोस यांनी १९६७ मध्ये तिथे उत्खनन सुरू केलं. माणसांचे सांगाडे मिळाले नाहीत, मौल्यवान वस्तूही फारशा नाहीत. म्हणजे आधीचे भूकंप ओळखून लोक निघून गेले असावेत. एका घराच्या भिंतीवर जहाजांचा ताफा एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जातानाचं चित्र होतं, काठावर बघायला जमलेल्या माणसांसह. पूर्ण जागेवर छप्पर आहे, चालायला लाकडी मार्ग आहेत, त्यामुळे वहिनींना हे सगळ्यांत सोपं जाईल. तेवढ्यावर न थांबता फिऱ्यातलं प्रागैतिहासिक थेराचं (थेरा हे सँटोरिनीचंच जुनं नाव) संग्रहालयही बघा, चित्रं तिथे आहेत. काही अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. २०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत या बेटाजवळ भूकंपाचे धक्क्यांमागून धक्के बसले होते आणि हजारो लोक तात्पुरते बाहेर पडले होते, म्हणून निघण्याच्या आठवड्यात बातम्यांवर लक्ष असू द्या.

सँटोरिनीहून हेराक्लिओनला हंगामात जलद बोट दोन तासांच्या आसपास घेते. हेराक्लिओन शहर पहिल्या नजरेत आवडत नाही, रहदारी आणि काँक्रीट. पण धक्क्यावर व्हेनिसने सोळाव्या शतकात बांधलेला कूलेस किल्ला आहे, आणि हे शहर घ्यायला तुर्कांना १६४८ ते १६६९ असा एकवीस वर्षांचा वेढा घालावा लागला. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग पाहिलेल्या माणसाला कूलेसच्या भिंतीवर उभं राहून समुद्राचा मारा कसा अडवला आहे ते बघायला फार आवडेल. क्नोसोसचा राजवाडा शहरापासून पाच किलोमीटरवर, बस जाते. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ आर्थर इव्हान्स यांनी १९०० पासून तिथे खोदकाम केलं आणि पुष्कळ भाग काँक्रीटने पुन्हा उभारला. लाल खांब आणि रंगवलेल्या भिंती म्हणजे बरंचसं त्यांचं अनुमान आहे, हे लक्षात ठेवून बघा. तिथे सापडलेल्या खऱ्या वस्तू हेराक्लिओनच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. एकाच ठिकाणी जायला जमणार असेल तर संग्रहालयात जा.

परतीचं जहाज हेराक्लिओनहून रात्री सुटतं आणि पहाटे पिरेयसला लागतं. दोघांची केबिन घ्या, खुर्चीवर रात्र काढू नका. हॉटेलची एक रात्र वाचते आणि पूर्ण दिवस हाती राहतो. त्या दिवशी आराम करा, आणि दुपारनंतर सूनियनला जा: अथेन्सपासून सुमारे ७० किलोमीटर, समुद्रात घुसलेल्या कड्यावर पोसायडनचं इ.स.पू. पाचव्या शतकातलं मंदिर. घरी परतणाऱ्या खलाशांना हेच आधी दिसे.

आता समुद्राबद्दल काही गोष्टी, ज्या माहितीपत्रकात लिहीत नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये मेल्टेमी नावाचा उत्तरेचा कोरडा वारा दिवसचे दिवस वाहतो. आकाश निळं, ऊन लख्ख, आणि तरी जहाजं बंद. वारा ठरावीक जोराच्या वर गेला की तटरक्षक दल बंदी घालतं. जलद बोटींना आधी, मोठ्या जहाजांना नंतर. सप्टेंबरअखेरीपर्यंत हा वारा बराच मंदावतो, म्हणून तुमची वेळ उत्तम आहे; पाणीही तेव्हा कोमट असतं. तरी नियम एकच पाळा: शेवटच्या बेटावरून ज्या दिवशी निघाल त्याच दिवशी भारताचं विमान धरू नका. बंदी आली तर जहाज कंपनी पैसे परत देते किंवा पुढचं तिकीट देते, पण चुकलेल्या विमानाचं कुणी काही देत नाही.

शक्य तिथे मोठं, सावकाश जहाज घ्या. पिरेयस ते नॅक्सोस त्याला पाच-साडेपाच तास लागतात, पण डेकवर मोकळ्या हवेत बसता येतं, बेटं येताना दिसतात, आणि ते कमी हलतं. जलद बोटीत बंद खिडक्यांमागे बसावं लागतं, उलटी होणाऱ्यांना ती नकोच. चढताना बॅग खालच्या गाड्यांच्या मजल्यावर बेटाचं नाव लिहिलेल्या कप्प्यात ठेवायची. किमती वस्तू, औषधं आणि पासपोर्ट खांद्यावरच्या पिशवीत. आणि उतरण्याची घोषणा झाली की लगेच खाली जा. जहाज मागच्या बाजूने धक्क्याला लागतं, फळी पडते, आणि मधल्या बेटांवर ते काही मिनिटंच थांबतं.

जेवणाची काळजी करू नका. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचे उपवासाचे दिवस वर्षात पुष्कळ असतात, त्यामुळे मांस, अंडी, दूध नसलेलं जेवण तिथल्या प्रत्येक घरात येतं. त्यासाठी शब्द आहे निस्तीसिमो. एक सावधगिरी मात्र हवी: उपवासात त्यांना कोळंबी, शिंपले, ऑक्टोपस चालतो, म्हणून शब्द वापरला तरी "मासळी नको" हे वेगळं सांगा. तेलात शिजवलेल्या भाज्यांना लादेरा म्हणतात: भेंडी, फरसबी, वांगी. यिगांदेस म्हणजे मोठ्या पांढऱ्या वालाची टोमॅटोतली भाजी. येमिस्ता म्हणजे भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळ्या मिरच्या, पण काही ठिकाणी त्यात खिमा असतो, विचारून घ्या. सँटोरिनीची फावा ही पिवळ्या डाळीची, अगदी आपल्या घट्ट वरणासारखी. वरून कांदा आणि ऑलिव्ह तेल. वहिनींना ती पहिल्या घासाला आवडेल. क्रीटमध्ये दाकोस मागा, सातूच्या कडक पावावर टोमॅटो आणि चीज.

बरोबर जयसिंगपूरचं भडंग, मेतकूट, चटणी खुशाल न्या. कंदी पेढे मात्र नको. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला प्रवाशाला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. कोडीन असलेली खोकल्याची औषधंही डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नेऊ नका. बेटांवर बहुतेक ठिकाणी नळाचं पाणी पिण्यालायक नसतं, बाटली घ्या. आणि हॉटेलात खोलीच्या भाड्याशिवाय दर रात्रीचा सरकारी कर वेगळा द्यावा लागतो; हॉटेलचे तारे जास्त तसा तो वाढतो. आरक्षण करताना तो बऱ्याचदा दिसत नाही, म्हणून हिशेबात आधीच धरा.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. सप्टेंबरअखेरीसाठी तो जूनमध्येच करून टाका, उन्हाळ्यात भेटीच्या तारखा मिळत नाहीत. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. निवृत्तिवेतनाचे कागद, सहा महिन्यांचं बँकेचं विवरण, आयकर विवरणपत्र ठेवा. तुमच्या यादीतल्या एफेससबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही: शेंगेन व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर तुर्कस्तानला जाऊन आल्यावर तुम्हाला ग्रीसमध्ये परत येता येणार नाही. ऱ्होड्सहून मार्मारिस, कोसहून बोद्रुम, सामोसहून कुशादासी अशा छोट्या बोटी हंगामात जातात आणि मोह होतो. तुर्कस्तानचा व्हिसा वेगळा, आणि शेंगेन अनेक प्रवेशांचा हवा. पुढच्या वेळी ऱ्होड्स, सामोस, एफेसस असा क्रम लावा. एफेससला गेलात की समुद्र कुठे आहे ते शोधा. नदीच्या गाळाने बंदर बुजलं आणि समुद्र कित्येक किलोमीटर मागे सरकला. शहर त्यामुळेच ओस पडलं. दाभोळची खाडीही गाळाने कशी भरत गेली ते तुम्हाला ठाऊक आहेच.

वहिनींसाठी: आजपासून रोज संध्याकाळी प्रीतिसंगमावर अर्धा तास सपाट चालणं, आणि आठवड्यातून एकदा आगाशिवच्या पायऱ्या, तुमच्या डॉक्टरांना विचारून. घडीची काठी सोबत असू द्या. उतरताना ती चढण्यापेक्षा जास्त उपयोगी पडते.

आरक्षणाचा क्रम असा ठेवा. आधी विमान, मग जहाजं, त्यांच्या वेळा नक्की झाल्या की हॉटेलं, आणि हॉटेलं फुकट रद्द होणारीच घ्या, म्हणजे व्हिसा उशिरा आला तरी पैसे अडकणार नाहीत. अक्रोपोलिसचं तिकीट आणि जहाजाची केबिन महिनाभर आधी काढून ठेवा. नॅक्सोस ते डेलोसची बोट मात्र तिथे पोहोचल्यावर, वारा बघून, दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवसाची ठरवा. चार रात्री धरल्या आहेत त्या यासाठीच. विमानाच्या तारखा पक्क्या झाल्या की मला कळवा. त्या आठवड्यातली सँटोरिनी ते हेराक्लिओनची बोट रोज आहे की नाही ते पाहून एखादी रात्र इकडची तिकडे करावी लागेल, तेवढं मी सांगते.